घर आणि कायदा : कुत्रें चावलें, तर दंड कोणाचा आणि भरपाई कोणाची?

गेल्या महिन्यांत एका वाचक भगिनींचें पत्र आमच्याकडे आलें. घर एकत्र कुटुंबाचें. सासूसासरे, दोन दीर, जावा आणि मुलें मिळून अकरा माणसें एकाच इमारतींत शेजारशेजारच्या दोन बिऱ्हाडांत राहतात. धाकट्या दिरांच्या नऊ वर्षांच्या मुलाला जिन्यांत शेजाऱ्यांचें पाळलेलें कुत्रें पोटरीला चावलें आणि पाठोपाठ त्यानें हाताचाही लचका तोडला. शेजारी सभ्य, त्यांनीं त्याच संध्याकाळीं येऊन दिलगिरी दर्शविली आणि इंजेक्शनांच्या खर्चासाठीं म्हणून दोन हजार रुपये पुढें केले. आतां सासरे म्हणतात, पोलिसांत जावें. सासूबाई म्हणतात, तीस वर्षांचा शेजार एका चाव्यासाठीं मोडूं नये. आणि मुलाची आई कोणाशींच कांहीं बोलत नाहीं, कारण मुलाचें एक बोट अजून नीट वळत नाहीं. “आमचा हक्क तरी काय आहे, आणि तो मागितला म्हणजे वैर धरलें असें होतें काय?” असा भगिनींचा प्रश्न आहे. तो एका घराचा नाहीं, म्हणून त्याचें उत्तर येथें सविस्तर देत आहों.

आरंभींच एक घोटाळा दूर केला पाहिजे. ‘पोलिसांत गेलों कीं पैसे मिळतील’ आणि ‘पैसे घेतले कीं प्रकरण मिटलें’ या दोन समजुती आपल्या घराघरांतून सारख्याच दृढ आहेत, आणि दोन्ही चुकीच्या आहेत. दंड वेगळा, भरपाई वेगळी. दंड हा राजाचा. भरपाई ही ज्याचें अंग फाटलें त्याची. हा भेद आजकालचा नव्हे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत दाढांच्या व शिंगांच्या जनावरांविषयीं एक वचन आहे. त्याचा आशय असा कीं, जनावराचा धनी सांपडलेल्या माणसाला सोडविण्यास समर्थ असूनही सोडवीत नसेल, तर त्यास प्रथम साहसाचा दंड करावा. आणि माणूस ओरडत असतांही तो स्वस्थ राहिला, तर तोच दंड दुप्पट करावा. आरोळी ऐकून न ऐकल्यासारखें करणाऱ्यास दुप्पट दंड सांगणाऱ्या त्या शास्त्रकाराची मनुष्यस्वभावाची पारख पाहून आजच्या वकिलानेंही मान डोलवावी. पण तो दंड जाई तो राजाच्या कोशांत. ज्याची पोटरी फाटली त्याच्या औषधपाण्याची सोय त्यानें होत नसे.

आजची स्थिति पहा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलांत आली. तिच्या २९१ व्या कलमान्वयें, आपल्या ताब्यांतील जनावरापासून मनुष्याच्या जिवास किंवा शरीरास जबर दुखापतीचा संभव असतां, त्याच्या निवारणापुरती तजवीज जो जाणूनबुजून अथवा हयगयीनें करीत नाहीं, त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीं शिक्षा होऊं शकतात. जुन्या दंडसंहितेंत हेंच २८९ वें कलम होतें. तेथें दंडाची मर्यादा एक हजाराची होती. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांस न्यायाधीशाच्या परवानगीवांचून तो नोंदवून घेतां येतो. आणि जामीनपात्रही आहे, म्हणजे शेजारी तुरुंगांत पडेल या भीतीनें सासूबाईंनीं झोप घालविण्याचें कारण नाहीं.

या कलमांतील ‘ताब्यांतील’ हा शब्द एकत्र कुटुंबांनीं विशेष लक्षांत ठेवण्याजोगा आहे. कुत्रें कोणाच्या पैशानें आलें, परवाना कोणाच्या नांवावर आहे, एवढेंच कायदा पाहत नाहीं. त्या वेळीं तें कोणाच्या स्वाधीन होतें, हें तो प्रथम विचारतो. आजकाल असें फार घडतें कीं, मुलगा मोठ्या हौसेनें उंची जातीचें पिल्लू आणतो, वर्षभरानें त्याची बदली बंगळूरला होते, आणि तें दांडगें जनावर सत्तर वर्षांच्या वडिलांच्या हातीं साखळीसकट राहतें. पहांटे फिरावयास नेतांना साखळी सुटली आणि दूधवाल्याला दांत लागले, तर जबाब द्यावयाचा तो वडिलांनीं. ‘कुत्रें माझें नव्हे, मुलाचें’ हें उत्तर तेथें चालत नाहीं. जनावर आंवरण्याची शक्ति ज्याच्या मनगटांत नाहीं त्याच्या हातीं साखळी देणें हीच हयगय होय, असेंही न्यायालय म्हणूं शकेल. ज्या घरांत असें कुत्रें आहे, त्या घरानें हा परिच्छेद मुलाला वाचावयास पाठवावा.

फौजदारी वाटेची चाल किती मंद असते, तें मुंबईच्या दोन खटल्यांवरून दिसेल. मे २०१० मध्यें नेपियन सी रोडवर दोघांची बोलाचाली चालली होती. एकाच्या गाडींत रॉटवायलर जातीचें कुत्रें होतें. समोरचे ७२ वर्षांचे गृहस्थ दार उघडूं नका म्हणून विनवीत असतां धन्यानें दार उघडलें, आणि कुत्र्यानें वृद्धाच्या पायाला व हाताला चावे घेतले. गिरगांवच्या न्यायालयानें त्या धन्यास तीन महिन्यांची सक्तमजुरी सांगितली, तें साल २०२३! दुसरा प्रसंग वरळीच्या एका इमारतींतील लिफ्टमधला, २०१८ चा. त्याचा निकाल मे २०२५ मध्यें लागला व शिक्षा चार महिन्यांची झाली. या दुसऱ्या खटल्यांत लिफ्टमधील कॅमेऱ्याचें चित्रण उपयोगी पडलें, हें ध्यानांत असूं द्या. त्याचें काम पुढें आहे. पहिल्यास सुमारें तेरा वर्षें, दुसऱ्यास सात. या दोन्हीं निकालांत मुख्य गोष्ट शिक्षा होती, जखमी माणसाची भरपाई नव्हे.

फौजदारी न्यायालय भरपाई देववूंच शकत नाहीं असें मात्र नाहीं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३९५ व्या कलमानें वसूल झालेल्या दंडांतून, किंवा शिक्षेंत दंड नसल्यास स्वतंत्रपणेंही, जखमी माणसास रक्कम देण्याचा हुकूम करतां येतो. खटल्याच्या वेळीं सरकारी वकिलामार्फत ही मागणी आपण होऊन केली पाहिजे. न मागतां मिळाली तर नशीब समजावें. ती मिळाल्यास पुढील दिवाणी दाव्यांत तेवढी रक्कम हिशेबांत धरली जाते.

भरपाईची खरी वाट दिवाणी न्यायालयाची. कुत्र्याच्या धन्याच्या दिवाणी जबाबदारीविषयीं आपल्याकडे स्वतंत्र लिखित अधिनियम नाहीं. हयगयीविषयींचीं इंग्रजी न्यायालयांतून आलेलीं तत्त्वेंच येथें लागू होतात. त्यांतलें जुनें तत्त्व असें होतें कीं, जनावर द्वाड आहे हें धन्यास ठाऊक असलें, तर तो जबाबदार. त्यावरून ‘प्रत्येक कुत्र्याला पहिला चावा माफ’ अशी विलायतेंत एक थट्टाच रूढ झाली होती. आज तेवढ्या थट्टेवर कोणी धनी सुटेलच असें नाहीं. साखळीवांचून, एखाद्या पोरसवद्या हातीं, गर्दीच्या जिन्यांत कुत्रें सोडणें ही स्वतःच हयगय ठरूं शकते. परंतु पूर्वीं तें कोणाच्या अंगावर गेलें होतें, कोणी तक्रार केली होती, असें सिद्ध झाल्यास दाव्याला बळ येतें. फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध रहा’ अशी पाटी लावली म्हणजे आपण मोकळे झालों असें पुष्कळांना वाटतें. ती पाटी चोराला भिवविण्यास ठीक आहे. पण टपाल घेऊन येणाऱ्या माणसास कुत्रें चावलें, तर त्या जनावराचा स्वभाव धन्यास माहीत होता याचा तीच पाटी पुरावा ठरण्याचा संभव आहे. मुलानें दगड मारला, शेपटी ओढली, असें धनी म्हणेल, आणि तें खरें असल्यास रक्कम कमीही होईल. मात्र लहान मुलाच्या पोरखेळाला प्रौढाच्या जाणतेपणाचें माप लावलें जात नाहीं.

मागावयाचें काय? औषधें, इंजेक्शनें, जाण्यायेण्याचें भाडें हें तर सर्वांस सुचतें. पण आईनें कचेरींतून घेतलेली बिनपगारी रजा, बुडालेली मजुरी, पुढें करावी लागणारी शस्त्रक्रिया, बोटाला राहिलेला अधूपणा, तोंडावर राहिलेला व्रण, आणि भोगलेलें दुःख, या सर्वांचें मोल मागण्याचा हक्क आहे. दुर्दैवानें मृत्यु ओढवला, तर १८५५ च्या प्राणघातक अपघात अधिनियमान्वयें पति, पत्नी, आईबाप व मुलें यांच्या वतीनें दावा लावतां येतो. सामान्यतः जखमेच्या दाव्यास तीन वर्षांची मुदत समजावी. जखमी मूल अज्ञान असल्यास मुदत सज्ञान झाल्यावर मोजली जाते, व त्याच्या वतीनें वादमित्र म्हणून बापास किंवा आईस आजच दावा लावतां येतो. मुदत थांबते, पण साक्षीदारांची आठवण थांबत नाहीं.

भगिनींच्या घरांतील वादाविषयीं आमचें मत सासूबाई व सासरे या दोघांपासूनही थोडें वेगळें आहे. शेजाऱ्यांनीं पुढें केलेले दोन हजार नाकारूं नयेत. त्यांनीं आपण होऊन जबाबदारी ओळखली ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र पावती द्यावी ती ‘खर्चापैकीं दोन हजार पोंचले’ अशी. ‘सर्व मागणी फिटली’ असें कोणत्याही कागदावर, मुलाच्या बोटाचें काय होतें तें डॉक्टरांनीं सांगेपर्यंत, लिहून देऊं नये. आणि खर्चाचा तपशील लिहून एक सभ्य पत्र शेजाऱ्यांस द्यावें. चार माणसांसमोर कुत्र्यावरून टोमणे मारणें आणि मनांत धुसफुसत राहणें, यानें शेजार जितका नासतो तितका हिशेबाच्या कागदानें नासत नाहीं. बोलण्यानें भागलें नाहीं, तर दावा लावण्यापूर्वींच जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून प्रकरण लोकअदालतींत नेतां येतें. तेथें झालेल्या तडजोडीस न्यायालयाच्या हुकूमनाम्याचें बळ असतें आणि त्यावर अपील नसतें. १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण अधिनियमान्वयें स्त्रिया व मुलें यांना उत्पन्न कितीही असलें तरी सरकारी खर्चानें वकील मिळण्याचा हक्क आहे. सुशिक्षित घरांनाही ही तरतूद ठाऊक नसते, म्हणून मुद्दाम सांगितली.

येथें थोडें मागें जाऊन पहिल्या तासाविषयीं बोललें पाहिजे. कारण दाव्याचा पाया त्या तासांत पडतो, आणि जीवही त्याच तासांत वांचतो. पिसाळ रोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं कीं माणूस जवळजवळ वांचतच नाहीं. पण त्यापूर्वीं योग्य उपचार झाल्यास रोग टाळतां येतो. जखम वाहत्या पाण्याखालीं साबण लावून पुरीं पंधरा मिनिटें धुवावी. हळद, तिखट, चुना, कॉफीची भुकटी यांपैकीं कांहीं लावूं नये. मग दवाखाना. आमच्या पिढीला पोटांत घ्यावयाच्या चौदा सुयांची धास्ती होती. त्या सुया म्हणजे कसौलीच्या संस्थेंत डेव्हिड सेंपल यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं बनविलेली, जनावराच्या मेंदूपासून तयार होणारी लस. तिचा वापर आपल्या देशांत २००४-०५ च्या सुमारास बंद झाला. आतां लस दंडांत देतात; स्नायूंत दिल्यास सामान्यतः पहिल्या दिवशीं, व तेथून तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या व अठ्ठाविसाव्या दिवशीं. रक्त येण्याइतपत खोल चावा असल्यास तो तिसऱ्या श्रेणीचा समजतात, आणि अशा वेळीं लशीबरोबर जखमेंत इम्युनोग्लोब्युलिन सोडणें अवश्य असतें. लशीचा परिणाम होण्यास दिवस लागतात. तोंवर रक्षण तें यानें होतें. ‘घरचेंच कुत्रें, त्याला लस टोंचली आहे’ एवढ्या तोंडी आश्वासनावर थांबूं नये.

आणि याच तासांत कागद जमतात. दवाखान्याच्या कागदावर चाव्याची श्रेणी, जखमांची संख्या व जागा लिहून घ्यावी. पाळीव कीं भटकें, हेंही लिहवावें. जखमेचीं छायाचित्रें काढावीं, शेजारीं एखादी मोजपट्टी ठेवून. इमारतींत कॅमेरा असेल तर चित्रण पुसलें जाण्यापूर्वीं त्याची प्रत मागावी व मागणीचें पत्र ठेवावें. वरळीच्या खटल्यांत काय उपयोगी पडलें तें वर आलेंच आहे. मुंबई, पुणें अशा महापालिकांच्या हद्दींत पाळीव कुत्र्याचा परवाना काढावा लागतो. तो व लशीचा दाखला धन्याकडे मागावा. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावी, असें वैद्यक सांगतें. संतापाच्या भरांत त्याला काठीनें ठेंचूं नये. तो स्वतंत्र गुन्हा आहे, न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमानें त्यास पांच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि दहा दिवसांच्या निरीक्षणाची संधिही त्यानें हातची जाते. महाभारताच्या आदिपर्वांत जनमेजयाच्या भावांनीं यज्ञमंडपांत आलेल्या एका निरपराध कुत्र्याला मारलें, तर त्याची आई सरमा राजापुढें फिर्याद घेऊन उभी राहिली, आणि राजाला शाप घेऊन बसावें लागलें!

घरच्या कुत्र्याचा विषय निघालाच आहे, तर मोलकरणीविषयीं दोन शब्द. तिला दांत लागले तर घरांतून एक जुनें मलम आणि उद्यांची सुटी एवढ्यावर बोळवण होते. तिनें तक्रार केली तर ‘इतकीं वर्षें खाल्लेलें मीठ’ आठवतें. कायद्याच्या दृष्टीनें शेजारच्या मुलाचा जो हक्क तोच तिचा. तिचा लशीचा प्रत्येक दिवस, तेवढ्या दिवसांचा पगार, आणि इतर घरीं बुडालेलें काम हें सर्व त्या कुत्र्याच्या धन्यानें भरावयास हवें. ती पांच फेऱ्यांसाठीं सरकारी दवाखान्यांत एकटी जाईल कीं नाहीं, ही शंका असल्यास घरांतील कोणी बरोबर जावें. अर्धी राहिलेली लस ही न घेतलेल्या लशीहून फारशी निराळी नव्हे.

आतां ज्याला धनी नाहीं अशा कुत्र्यांविषयीं. येथें दावा कोणावर? रस्ता ज्याच्या ताब्यांत, भटक्या कुत्र्यांचें नसबंदीकरण व लसीकरण ज्याचें काम, त्या महापालिकेवर किंवा नगरपालिकेवर. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयानें २०२३ मध्यें १९३ याचिका एकत्र ऐकून या बाबतींत एक कोष्टकच घालून दिलें: कुत्र्याच्या दांताच्या दर खुणेस किमान दहा हजार रुपये, आणि मांस निघालें असल्यास दर ०.२ सेंटिमीटर जखमेस किमान वीस हजार. प्रथम जबाबदारी राज्याची. राज्यानें ती पुढें चुकणाऱ्या संस्थेकडून किंवा धन्याकडून वसूल करावी. आणि जिल्ह्याच्या समितीनें अर्ज चार महिन्यांत निकालांत काढावा. दांतांच्या खुणा मोजून पैसे देण्याची ही रीत प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटते, पण तिच्यांत एक शहाणपण आहे: जखमी माणसाला वर्षानुवर्षें आपलें दुःख सिद्ध करीत बसावें लागत नाहीं. केरळसाठीं सर्वोच्च न्यायालयानें २०१६ मध्यें निवृत्त न्यायमूर्ति सिरि जगन यांची समिति अशाच अर्जांकरितां नेमली होती.

महाराष्ट्रांतील वाचकांनीं पंजाबचें कोष्टक आपल्या खिशांत आहे असें समजूं नये. तो निर्णय येथील न्यायालयांस बंधनकारक नाहीं; वकिलानें पुढें ठेवण्याजोगा आधार आहे. त्याच जोडीला मुंबई उच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०२५ चा रस्त्यांतील खड्ड्यांविषयींचा निर्णय ठेवावा. त्यांत खड्ड्यामुळें मृत्यु आल्यास सहा लाख, आणि जखमेस पन्नास हजार ते अडीच लाख रुपये देण्याचें ठरवून दिलें आहे. खड्डा आणि कुत्रें या भिन्न गोष्टी खऱ्या. पण नगरसंस्थेनें कर्तव्य चुकविलें तर नागरिकाच्या जीवितहक्कास धक्का पोंचतो, हें सूत्र एकच. सर्वोच्च न्यायालयानें २२ ऑगस्ट २०२५ रोजीं, नसबंदी व लस टोंचून कुत्रीं मूळ जागीं सोडावीं, पिसाळलेलीं व आक्रमक मात्र सोडूं नयेत, असें सांगितलें. आणि ७ नोव्हेंबर २०२५ रोजीं शाळा, रुग्णालयें, क्रीडासंकुलें, बसस्थानकें व रेल्वेस्थानकें यांच्या आवारांतून कुत्रीं हालविण्याचा हुकूम केला. अशा आवारांत चावा झाल्यास या हुकमांचा उल्लेख अर्जांत अवश्य करावा.

कुत्र्यांना घांस घालणाऱ्यांवर आतां सर्वत्र राग निघूं लागला आहे. श्राद्धाच्या दिवशीं काकबळीबरोबर श्वानबळीही काढणाऱ्या घरांना हा राग थोडा विचित्र वाटेल. घांस घालणें हा गुन्हा नाहीं. पण २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांतील विसावा नियम सांगतो कीं, घांसाची जागा इमारतीच्या रहिवासी संघानें ठरवावी, ती मुलांच्या खेळण्याच्या व जाण्यायेण्याच्या वाटेपासून दूर असावी. जिन्याच्या तोंडाशीं रोज पोळी टाकणारे आजोबा हें वाचतील अशी आशा आहे.

राहिली मुदत, आणि येथेंच बहुतेक दावे बुडतात. महापालिकेवर दावा लावण्यापूर्वीं एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते, आणि घटनेपासून सहा महिन्यांच्या आंत दावा दाखल व्हावा लागतो. मुंबईच्या अधिनियमांत हें ५२७ व्या आणि इतर महापालिकांच्या अधिनियमांत ४८७ व्या कलमांत आहे. म्हणजे वर सांगितलेल्या तीन वर्षांवर येथें विसंबतां येत नाहीं. नोटीस आयुक्तांच्या नांवें असावी, तींत चाव्याची तारीख, वेळ, नेमकी जागा आणि मागितलेली रक्कम असावी, व पोंच घ्यावी. या विषयावर आम्हांस प्रश्न पाठवितांनाही वाचकांनीं चाव्याची तारीख व गांवाचें नांव अवश्य लिहावें. कोणता अधिनियम लागू आणि मुदत किती उरली, हें त्यांवांचून सांगतां येत नाहीं.